चेहऱ्याचा फेरफार

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की धाराशिव जिल्हा लागल्याची वर्दी दोन गोष्टी देतात. एक तामलवाडीचा टोलनाका, आणि दुसरी त्याच्या अलीकडं-पलीकडं उभे असलेले फ्लेक्स. नाक्यावर गाडीचा वेग कमी होतो. फास्टॅग वाचला जाईपर्यंत आत बसलेल्या माणसाला बाहेर बघण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. ही गोष्ट ज्यांच्या वेळेवर ध्यानात येते, ती माणसं आमच्याकडं राजकारणात जातात.

नवरात्र आणि पुढची कोजागरी म्हणजे या धंद्याची सुगी. त्या दिवसांत हा रस्ता गाड्यांचा नसतोच, पायी चालणाऱ्यांचा असतो. सोलापुरातून, पार कर्नाटकातून लाखो माणसं आईच्या दर्शनाला चालत निघतात, बरीचशी अनवाणी. त्यांच्या स्वागताला दर शंभर पावलांवर एक चेहरा हात जोडून उभा असतो. चेहरा गुलाबी. गाल असे, की वैशाखातल्या उन्हात हा इसम कधी घराबाहेर पडलाच नसावा. कपाळावर सुरकुती नाही, डोळ्याखाली जागरण नाही, मिशीचा केस न् केस वेगळा. खाली नाव वाचल्यावर माणूस दचकतो. कारण याच इसमाला आपण काल संध्याकाळी स्टँडवर भजी खाताना पाहिलेलं असतं, आणि तेव्हा त्याला हा चेहरा नव्हता.

फ्लेक्सवर जागेचे नियम कडक असतात. वरच्या पट्टीत महापुरुष; त्यांच्या रंगरूपाला हात लावायची कुणाची टाप नाही. त्याखाली वर्तुळावर्तुळात राज्यातले नेते. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, ऐपतीप्रमाणे कमरेपर्यंत किंवा गुडघ्यापर्यंत. आणि तळाला शुभेच्छुक. वर्गणी बरी दिली तर खांद्यासकट, कमी दिली तर नुसतं तोंड. या सगळ्यांत वय एकट्या शुभेच्छुकांचं वाढतं. नेत्यांचा फोटो एकदा चांगला आला की तो पंधरा-पंधरा वर्षं चालतो. त्यामुळं नेते जेव्हा खरेच गावात येतात, तेव्हा गाडीतून त्यांचे वडील उतरल्याचा भास होतो.

खरी मेहनत पडते ती पक्ष फुटल्यावर. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. बातम्या मुंबईत झाल्या. रात्रपाळी आमच्या स्टुडिओवाल्यांनी केली. वरच्या वर्तुळातून कुणाला काढायचं आणि कुणाला आणायचं हे गिऱ्हाइकाचंच ठरलेलं नसायचं. सकाळी फाइल पसंत करून गेलेला माणूस दुपारी फोन करायचा, 'छापायला टाकू नगा, जरा वारं बघू.' शरद पवारांचा फोटो कुणी लावायचा हे प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं अजित पवार गटाला त्यांचं नाव आणि छायाचित्र वापरू नका असं बजावलं. फोटोशॉपची एखादी लेयर बंद करायचा हुकूम एवढ्या वरून आल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

रशियात हेच काम फार गंभीरपणे चालायचं. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टॅलिनच्या शेजारी त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव उभा आहे, असा एक प्रसिद्ध फोटो आहे. १९४० मध्ये येझोवला गोळी घातली, मग त्या फोटोतूनही त्याला काढलं, आणि तो जिथं उभा होता तिथं कालव्याचं पाणी रंगवलं. आमच्याकडं कुणी एवढं टोक गाठत नाही. आज काढलेला माणूस निवडणुकीनंतर परत येतो हे स्टुडिओवाला बापजन्मापासून जाणतो. म्हणून तो कुणाला डिलीट करत नाही. लेयरच्या नावापुढं डोळ्याचं एक बारकं चित्र असतं, त्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि माणूस दिसेनासा होतो. पुन्हा टिचकी मारली की पुन्हा हजर, तोच नमस्कार करत.

स्टुडिओ म्हणजे काय, तर पुढच्या बाजूला झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, पीकविमा भरून मिळेल; आणि मागच्या खोलीत निळा पडदा, दोन पांढऱ्या छत्र्या, एक फिरतं स्टूल आणि भिंतीला आरसा. आरशाच्या दांडीला एक कंगवा दोरीनं बांधलेला असतो. पंचक्रोशीतल्या तमाम अर्जदारांचा भांग त्याच कंगव्यानं पाडला आहे. फोटो काढायला मिनिटभर पुरतं. फोटो 'बनवायला' मात्र तासभर लागतो, आणि तो तास गिऱ्हाईक स्टुडिओवाल्याच्या पाठीमागं उभं राहून घालवतं. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर माणूस गप्प बसतो, कारण वस्तरा गळ्याशी असतो. इथं तशी भीती नसल्यानं जो तो बोलतो.

फोटोशॉप फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आलं. थॉमस आणि जॉन नोल या दोन अमेरिकी भावांचा हा खटाटोप. जॉननं १९८७ मध्ये बोराबोरा बेटाच्या किनाऱ्यावर पाठमोऱ्या बसलेल्या आपल्या मैत्रिणीचा एक फोटो काढला होता. नवं सॉफ्टवेअर लोकांना दाखवताना तो हाच फोटो घ्यायचा आणि तिची आणखी एक प्रत काढून तिच्याच शेजारी बसवून दाखवायचा. लग्न मात्र त्यानं एकीशीच केलं. आमच्या भागात ज्याला खरं फोटोशॉप म्हणतात ते 'सेव्हन पॉइंट झिरो', म्हणजे २००२ ची आवृत्ती. पुढं कितीतरी आवृत्त्या निघाल्या, महिन्याच्या वर्गणीवर मिळायला लागलं, पण सेव्हनवर हात बसलेली पिढी अजून कामावर आहे. ती सीडी पहिल्यांदा कुणी कुणाला दिली, हे विचारायची पद्धत नाही.

सेव्हनचं कौतुक का, तर त्यात हीलिंग ब्रश पहिल्यांदा आला. देवीचे व्रण, पुटकुळ्या, वस्तऱ्याची चीर, काहीही असो. चांगल्या कातडीचा तुकडा उचलायचा आणि वाईट जागेवर फिरवायचा. रंग आपोआप जुळतो. आमच्या स्टुडिओवाल्याला मी एकदा विचारलं, की अख्ख्या गालावर चांगली जागा नसलीच तर काय करता? तो म्हणाला, "कपाळावरची घेतो." कपाळावरही नसली तर? "भावाला बोलवून घेतो."

त्याच्या डी ड्राइव्हमध्ये 'कोट' नावाचं एक फोल्डर आहे. ते उघडलं की नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो, कारण आत नुसती धडं असतात. निळा कोट, काळा कोट, टायसह, टायशिवाय, वर मुंडकं नाही. शेजारी 'फेटा', 'टोपी', 'शालू', आणि 'डोळे' अशीही फोल्डरं आहेत. डोळ्यांचं पुढं येईल. कोट लागतो नोकरीच्या अर्जाला. कुठल्याही अर्जावर कोट सक्तीचा आहे असं लिहिलेलं मी वाचलेलं नाही, पण पोरांचा विश्वास कोटावर असतो. बँकेच्या परीक्षेचा अर्ज म्हणतो की फोटो २० ते ५० केबीत बसवा आणि सही १० ते २० केबीत. एवढ्याशा फोटोत कोटाचं बटणसुद्धा धड दिसत नाही. तरी कोट पाहिजेच. निळ्या कोटाची तीच एक फाइल गेली कित्येक वर्षं वनरक्षक, तलाठी, पोस्टमन, लिपिक अशा सगळ्या पदांसाठी अर्ज करत आहे. तो कोट एव्हाना वयोमर्यादेत बसत नसावा.

मुंडकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं यात कमीपणा मानायचं कारण नाही. अब्राहम लिंकनचं ऐटीत उभं असलेलं एक छापील चित्र अमेरिकेत बरंच मिरवलं. त्यात डोकं तेवढं लिंकनचं, बाकी अंग जॉन कॅल्हून नावाच्या पुढाऱ्याच्या जुन्या चित्रातून उचललेलं. कॅल्हून हा गुलामगिरीचा कट्टर वकील, आणि त्याच्या खांद्यावर गुलामगिरी मोडणाऱ्याचं डोकं! हे तिकडं खपून गेलं, तर इथं एखाद्या पोराला सोलापूरच्या कुण्या नवरदेवाचा कोट चढल्यानं आभाळ कोसळत नाही. अडचण असलीच तर मानेची येते. आमच्याकडच्या तालमीतल्या पोरांची मान डोक्यापेक्षा रुंद असते, आणि फोल्डरमधले सगळे कोट पापभीरू माणसांच्या मापाचे. मग स्टुडिओवाला कोट ओढून रुंद करतो. कोट रुंद झाला की टाय फुगते. टाय बसवून घ्यावी तर कॉलर वाकडी. शेवटी तो पोराला म्हणतो, "तुझं आपलं शर्टावरच बरं दिसतंय." पोराचा चेहरा पडतो, आणि पडलेला चेहरा वर करायचं टूल सेव्हनमध्ये नाही.

कोटानंतरची मागणी एका शब्दाची असते. "उजळ." किंवा तिची लांब आवृत्ती, "गोरं करा, पर केल्यावानी दिसू देऊ नगा." १९७५ साली बाजारात आलेल्या एका जगप्रसिद्ध क्रीमनं २०२० मध्ये आपल्या नावातला 'फेअर' काढून टाकला. त्या निर्णयाची प्रत आमच्या स्टुडिओत अद्याप पोचलेली नाही. स्टुडिओवाला कर्व्ह्जची रेघ मधे धरून वर ढकलतो, चेहरा उजळतो, गिऱ्हाईक म्हणतं अजून थोडं, तो आणखी ढकलतो. होता होता नाकाची कड नाहीशी होते. घाईच्या दिवसांत, म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यावर, चेहऱ्याचं काम होतं आणि हातांचं राहून जातं. स्थळाच्या फोटोत मग तोंड पुण्याचं आणि हात तामलवाडीचे, असा मुलगा कमरेवर हात ठेवून उभा असतो. मुलीकडची माणसं जाणती असतील तर ती फोटोत फक्त हात बघतात. शेतात खरंच जातो का, याचा तेवढा एकच पुरावा.

दोष एकट्या गिऱ्हाइकाचा नाही. फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी लॅबना एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एक गोरी बाई असायची. तिचं नाव शर्ली, आणि पुढं बाई बदलली तरी कार्डाचं नाव शर्लीच. शर्लीची कातडी बरोबर उतरली की मशीन बरोबर. त्या हिशेबानं सबंध मराठवाडा अंडरएक्स्पोज. शर्लीच्याही आधी, काळ्या-पांढऱ्या काळात, रिटचिंगवाला निगेटिव्ह काचेवर ठेवून, खालून उजेड घेऊन, सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं काम करायचा. निगेटिव्हमध्ये सगळंच उलटं. सावळा माणूस तिथं पांढरा दिसतो, आणि त्याला कागदावर गोरा करायचा तर निगेटिव्हवर पेन्सिलीनं काळा करावा लागतो. सुरकुती म्हणजे तिथं पारदर्शक रेघ. ती शिशानं बुजवली की छापील फोटोतून गायब. चूक झाली तर कंट्रोल-झेड नाही. जुन्या पेठांतली ही माणसं दिवसभर लोकांची तोंडं काळी करून त्यांचे आशीर्वाद घ्यायची.

फोटोनं माणसाचं काही जातं ही भीती जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी फोटोग्राफीचा धंदा करून पाहिला, तेव्हा कॅमेरा अंगातलं बळ ओढून घेतो अशा समजुतीनं लोक समोर बसेनात, असं त्यांच्याबद्दल सांगतात. आता स्टुडिओवाला ते बळ परत देतो. लग्नाच्या फोटोत नवरदेवाचे दंड भरायचे, छाती दोन बोटं वाढवायची, आणि करवलीचं पोट आत घ्यायचं, तेही तिनं न सांगता. सांगून करायची ही गोष्ट नव्हे हे त्याला कळतं. फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा आहे, की जाहिरातीतल्या मॉडेलचं अंग फोटोत बारीक किंवा जाड केलं असेल तर तसं त्यावर छापायचं. नॉर्वेनंही पुढं असाच नियम केला. तो कायदा आमच्या चौकात लागू झाला तर शुभेच्छांपेक्षा सूचनाच जास्त छापाव्या लागतील, आणि 'भावी' या शब्दाशेजारी वेगळी.

पण फ्लेक्स, कोट आणि गोरेपणा हा झाला वरवरचा धंदा. त्यावर दुकानाचं लाइटबिल निघतं. स्टुडिओवाल्याचा खरा कस लागतो तो घरातलं माणूस गेल्यावर.

माणूस सकाळी जातो. दहाव्याच्या आत मोठा फोटो भिंतीवर लागला पाहिजे, आणि श्रद्धांजलीचा फ्लेक्स तर त्याच संध्याकाळी. तेव्हा कळतं, की सत्तर वर्षं जगलेल्या माणसाचा एकही फोटो घरात नाही. लग्नाच्या अल्बममध्ये तो असतो, पण पंगतीत वाढताना, अर्धा, हातात बादली. यात्रेतल्या फोटोत असतो, पण डोळे मिटलेले. उरतं ते आधार कार्ड. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, आणि तेव्हापासून त्यावरच्या फोटोत कुणी ओळखू आलेलं नाही. तरी स्टुडिओवाला ते कार्ड घेतो, स्कॅन करतो, मोठं करतो. मोठं केल्यावर माणसाच्या जागी करड्या चौकटी दिसतात. त्या चौकटींतून त्याला एक बाप घडवायचा असतो.

इथं 'डोळे' फोल्डर कामाला येतं. मिटलेल्या डोळ्यांच्या बापाला उघडे डोळे हवेत, आणि बाजारातले डोळे बसत नाहीत. मग तो थोरल्या मुलाला स्टुलावर बसवतो, "सरळ बघा" म्हणतो, आणि त्याचे डोळे काढून बापाला लावतो. बरोबर बसतात. मुलगा पुढं आयुष्यभर भिंतीवरच्या बापाकडं बघतो तेव्हा स्वतःच्याच नजरेला नजर देत असतो. पण हे त्याला सांगायचं नसतं. टोपी घालायची. शर्टाचं वरचं बटण लावायचं, जिवंतपणी ते कधी लावलेलं नसलं तरी. मागं आभाळ, त्यात ढग. थोडी प्रतिष्ठित आसामी असेल तर ढगांतून किरणं.

बाई गेली तर पहिला प्रश्न कुंकवाचा. सवाष्ण गेली असेल तर काही अडत नाही. कुंकू चांगलं ठसठशीत काढायचं, जुना फोटो काळा-पांढरा असला तरी तेवढं लाल. पण नवरा आधी गेलेला असेल तर घरात दोन तट पडतात. मुली म्हणतात, आईच्या कपाळावर कुंकू पाहिजे, आम्ही तिला तसंच बघितलंय. थोरले दीर म्हणतात, लोक काय म्हणतील. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि मग राज्य सरकारनंही बाकीच्या गावांनी हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. आमच्या स्टुडिओवाल्याचा तोडगा परिपत्रकाहून जुना आहे. तो कुंकू वेगळ्या लेयरवर काढतो. एक प्रत डोळा उघडा ठेवून, ती मुलींच्या सासरी जाते. एक डोळा मिटून, ती दिरांच्या ओसरीवर लागते. वर्षश्राद्धाला दोन्ही बाजू एकमेकांकडं जाणार आणि भिंतीकडं बघणार हे त्याला माहीत आहे. तोवर पैसे मिळालेले असतात.

सगळ्यात अवघड काम म्हणजे जोडफोटो. दोघांचा मिळून कधी फोटोच निघाला नाही, अशी जोडपी मागच्या पिढीत घरोघरी होती. एकदा एक आजी आल्या, संगं दोन मुलं आणि एक दीर. नवरा तरणाताठा असताना गेलेला. त्याचा एकच फोटो, कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात मागच्या रांगेत. स्टुडिओवाल्यानं तो घोळक्यातून सोडवला, साफ केला, आजींच्या शेजारी बसवला. पडद्यावर आई आणि मुलगा दिसायला लागले. थोडा वेळ कुणीच बोलेना.

"आजी," तो म्हणाला, "आबांना म्हातारं करू, का तुमाला तरणं?"

"त्यांनलाच करा. माझं काय, मी हाय तशी बरी."

म्हातारं करायचं म्हणजे काय, यावर घरात चर्चा सुरू झाली. थोरला म्हणाला, आबांना टक्कल पडलं असतं, घराण्यातच आहे. धाकट्याचं म्हणणं, आजोबांचे केस शेवटपर्यंत शाबूत होते. दीर आलेलेच होते. त्यांनी टोपी काढून डोकं पुढं केलं, नमुना म्हणून. स्टुडिओवाल्यानं त्या डोक्याचा फोटोही घेतला. वाद मिटेना, तेव्हा आजी म्हणाल्या, "टोपी घाला त्यांनला. टोपीखालचं कोण बगतंय."

टोपी घातली. मिशी पांढरी केली. दिराच्या गालावरच्या सुरकुत्या उचलून आबांच्या गालांवर ठेवल्या, डोळ्यांखाली थोडं खोल केलं, जबडा आत घेतला. काम सुरेख झालं होतं. मुलं खूश झाली. आजींनी पदरानं चष्मा पुसला आणि बराच वेळ बघितलं.

"एवढं कशानं खंगलेत? मी न्हवते का करून घालायला?"

स्टुडिओवाल्यानं माउस उचलला आणि आबांचे गाल भरायला घेतले.

आता हे सगळं फोन करतो म्हणतात. मार्च २०२५ मध्ये जो तो जपानी कार्टून झाला. सप्टेंबरात गुगलच्या जेमिनीनं देशभरातल्या बायकांना शिफॉनची साडी नेसवून संध्याकाळच्या उन्हात उभं केलं, केसांत फूल खोवलं. फुकट, आणि निमिषात. आमच्या भागातल्या पोरींनी आपल्या आज्यांनाही सोडलं नाही. एकीनं आजीचा फोटो 'सुंदर' करून घेतला आणि घरात दाखवला, तर घरातल्यांनी विचारलं, ही कुठली पाहुणी? नाक तेच होतं, डोळे तेच, लुगडंही जवळपास तेच. गेलं होतं ते गोंदण. हनुवटीवरचे तीन ठिपके आणि कपाळावरची आडवी रेघ. यंत्राला ते डाग वाटले, त्यानं साफ केले. आजी कोणत्या वयात, कुणाच्या अंगणात, किती रडत बसली होती तेव्हा ते उमटले, हे यंत्राला कोण सांगणार? पोरगी फोटो घेऊन स्टुडिओत आली. स्टुडिओवाल्यानं जुना फोटो शेजारी उघडला आणि एकेक ठिपका परत गोंदला. आजीला या वेळी दुखलं नाही. पैसे घेताना मात्र तो जरा जोरातच म्हणाला, "त्या जेमिनीला इचारून बघा, जमतंय का." त्याच्या बोलण्यात धंद्याची काळजी होती आणि बढाईही होती, कोणती जास्त, ते मला सांगता येणार नाही.

त्याला स्वतःला सगळ्यात आवडणारं गिऱ्हाईक म्हणजे शेळीवाले. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, तेव्हा त्यानं रात्री जागून शेकडो फाइलींतला पत्ता बदलला. शेळीला मात्र त्यानं हात लावला नाही. ती जगभर उस्मानाबादी म्हणून ओळखली जाते, तिचं नाव बदललं तर भाव पडेल. बकरी ईदच्या आधी बोकडांचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतात, आणि सौदे त्यावरच ठरतात. उस्मानाबादीचा खरा रंग काळा. जेवढा काळा, तेवढा अस्सल, असा गिऱ्हाइकाचा समज. कोपऱ्यातल्या त्या कॉम्प्युटरवर कर्व्ह्जची रेघ खाली ओढली जाते ती फक्त अशा वेळी.

परवा एकजण बोकडाचा फोटो घेऊन आला. बोकड देखणा, कान लोंबते, शिंगं मागं वळलेली. मालक त्याच्या मागं गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी त्याला आवळून धरलेला, गाल बोकडाच्या पाठीला टेकलेला. ऊन दोघांवर सारखंच, सावली दोघांवर सारखीच, आणि खरं सांगायचं तर दोघांचा वर्णही एकाच शेडचा.

"बोकड अजून काळा करा," तो म्हणाला.

स्टुडिओवाल्यानं केला.

"आणि मागं मी हाय, तेवढं जरा उजळ."

स्टुडिओवाल्यानं चष्मा वर केला, फोटो मोठा केला, आणि गाल कुठं संपतो आणि पाठ कुठं सुरू होते ते शोधत बसला. लाइट गेली तेव्हाही तो तिथंच होता. इन्व्हर्टर ओरडत होता. मालक बाहेर उभा राहून कुणाला तरी फोनवर सांगत होता, की पाठवतो, पाच मिनिटांत पाठवतो, फक्त माझं थोडं काम राहिलंय.